तारांची वेणी

डोकं गुळगुळीत करावं तर वहिनीनंच, असं सगळ्या गल्लीचं मत होतं, आणि वहिनीचं स्वतःचं तर होतंच होतं. वडिलांच्या दुकानात उभं राहून ती वस्तरा शिकली. आधी फुगवलेल्या फुग्याला फेस लावून, मग काकाच्या गालावर, मग गिऱ्हाइकांवर. आता दुकान तिचं होतं. तीन खुर्च्या, दोन आरसे आणि खिडकीत एक मनीप्लांट, ज्याचीसुद्धा ती दर महिन्याला छाटणी करायची. बाया केस कापायला यायच्या, पुरुष दाढीला यायचे, आणि ज्याला म्हणून सगळं डोकं उतरवायचं असेल तो दुसऱ्या कुणाच्या दुकानाची पायरी चढायचा नाही. आधी सुलटा हात, केसांच्या कलानं, मग उलटा, कलाच्या विरुद्ध. उलटा हात फिरला की केसाचं मूळसुद्धा बोटाला लागत नाही. शेवटी ओला टॉवेल फिरवून ती म्हणायची, आता माशी बसली तर घसरून पडेल.

म्हणून नणंदेच्या डोक्याची वेळ आली, तेव्हा ते काम परक्या हातात जाण्याचा प्रश्नच नव्हता.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. बस डेपोत वेळापत्रकं बांधायची. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी, हे सगळं तिच्या डोक्यात. चाळिशीची, एकटी राहणारी आणि जिभेला धार लावून बसलेली. वहिनीच्या लग्नात तिनं चारचौघांत म्हटलं होतं की दादानं बरं डोकं लढवलं, आता जन्मभर कटिंग फुकट. सगळे हसले, वहिनीही हसली, पण ते हसू पुढची अकरा वर्षं तिच्या घशात काट्यासारखं अडकून राहिलं. दोघी एकमेकींशी गोड बोलायच्या. इतकं गोड की ऐकणाऱ्याला तहान लागावी.

मग एका महिन्यात नणंदेनं एकाच मार्गाची वेळ तीनदा चुकवली. डेपोतले लोक म्हणाले थकवा असेल. ती स्वतः मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली, कारण आपलं डोकं चुकत नाही हे तिला ठाऊक होतं. तपासणीत मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. साधी नव्हे, चौथ्या पायरीची, घाईघाईनं वाढणारी. ऑपरेशन झालं, किरण झाले, गोळ्या सुरू झाल्या. गाठीचा बहुतेक भाग गेला, पण एक कड उरली. तिला हात लावला तर डाव्या हातापायांवर जाईल, म्हणून सर्जननं ती तशीच ठेवली. भावानं बहिणीला आपल्या घरी आणलं आणि मधली खोली तिला दिली.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी चाचणीची गोष्ट काढली. त्यांनी काही रंगवून सांगितलं नाही. नवी पद्धत आहे, उपयोग होतो की नाही हेच बघायचं आहे, म्हणून तर चाचणी. निम्म्या पेशंटना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि सोबत यंत्र. कुणाच्या वाट्याला काय, ते संगणक ठरवणार. नणंदेच्या वाट्याला यंत्र आलं.

यंत्र म्हणजे खांद्याला लावायची एक पिशवी, पिशवीत एक डबा, आणि डब्यातून निघालेल्या तारा डोक्यावर चिकटवलेल्या चार पट्ट्यांना जोडलेल्या. प्रत्येक पट्टीवर बटणांसारख्या चकत्या. त्यांतून विजेच्या लहरी जायच्या, सारख्या दिशा बदलत. गाठीतली पेशी दुभंगायला निघाली की त्या लहरी तिला अडवणार, अशी कल्पना. डोक्यावर केस असले तर पट्टी बसत नाही, म्हणून दर तिसऱ्या दिवशी डोकं उतरवायचं आणि नव्या पट्ट्या लावायच्या. तारा पाठीवरून खाली यायच्या. पहिल्या दिवशी त्या मोकळ्याच लोंबत होत्या. वहिनीनं न विचारता त्यांची तिपेडी वेणी घातली आणि टोकाला रबर लावलं. नणंदेनं आरशात पाहिलं. गाठीनं केस नेले होते आणि भावजयीनं वेणी परत दिली होती. ती एवढंच म्हणाली की जरा घट्ट झालीय.

नियम एक होता आणि कडक होता. यंत्र महिन्याच्या सरासरीनं दिवसाला निदान अठरा तास चालू राहिलं पाहिजे. सलग दोन महिने त्याखाली गेलं, तर यंत्र परत. तास मोजायचं काम डबा स्वतःच करायचा, आणि डब्याला खोटं बोलता येत नाही.

वहिनीनं जीव ओतला. दर तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी नणंदेला मधल्या खोलीतल्या खिडकीपाशी बसवायची, गळ्याभोवती पांढरं कापड बांधायची, कोमट पाणी, फेस, सुलटा हात, उलटा हात. हात चालताना तिच्या तोंडून आपोआप ओळी यायच्या, तिला लहानपणापासून तशी सवयच होती:

वन्सं आणि मी गं, दिसू एका आरशात,
एकीचा गं माथा दुसऱ्या एकीच्या हातात.

नणंद म्हणायची, गाणं कमी आणि लक्ष जास्त ठेव. पण डोकं हलवायची नाही. दवाखान्यातल्या नर्सनं पहिल्यांदा ते डोकं पाहिलं तेव्हा ती दुसऱ्या नर्सला बोलावून दाखवायला घेऊन आली. असं सफाईदार काम आम्हाला जमत नाही, म्हणाली. वहिनी दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

आणि तरीही गाडी रुळावर येईना. दुसऱ्याच आठवड्यात पट्ट्यांखाली आग व्हायला लागली. मग पुरळ, मग बारीक फोड. नणंद दात आवळून सोसायची, पण कधी कधी दुपारी तिच्यानं राहवायचं नाही. ती पट्ट्या उपटून टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. डबा पिशवीत मुका पडून राहायचा. पहिल्या महिन्याची सरासरी साडेसोळा निघाली. नणंद यंत्राला शिव्या घालायची, यंत्र बनवणाऱ्यांना घालायची, त्यांच्या सात पिढ्यांना घालायची. वहिनी तिच्या सुरात सूर मिसळायची. एवढं सोन्यासारखं डोकं करून द्यावं, आणि या मेल्या चिकटपट्ट्यांनी त्याची माती करावी.

दुसऱ्या महिन्याचे अठरा दिवस सरले त्या सकाळी दोघी तपासणीला गेल्या. चाचणीचं सगळं लिखाण सांभाळणारी एक बाई तिथं होती. तिच्या हातात सदानकदा एक जाड निळी फाईल असायची, म्हणून नणंदेनं तिचं नाव फाईलवाली ठेवलं होतं. फाईलवालीनं डबा संगणकाला जोडला, आकडा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. अठरा दिवसांत दोनशे अठ्ठ्याऐंशी तास. रोजचे सोळा.

नणंदेला कागद लागला नाही. तीस दिवसांचे पाचशे चाळीस हवेत. उरले बारा दिवस, हवेत दोनशे बावन्न. रोजचे एकवीस.

डॉक्टरबाईंनी डोकं पाहिलं आणि म्हणाल्या की खरं तर या कातडीला दोन दिवस विश्रांती द्यायला हवी. नणंद म्हणाली, दोन दिवस दिले तर उरलेल्या दहा दिवसांत रोजचे पंचवीस तास लागतील. तेवढा मोठा दिवस माझ्या वेळापत्रकात नाही. डॉक्टरबाईंनी मलम लिहून दिलं. परतताना नणंदेनं यंत्राला एकही शिवी घातली नाही. ती बडबडली असती तर वहिनीला बरं वाटलं असतं. यंत्र गेलं तर हातात नुसत्या गोळ्या उरणार, आणि ती कड तिथंच आहे, हे दोघींनाही माहीत होतं.

दुपारी वहिनीनं दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक एक म्हातारे शिंपीकाका, तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. मान साफ करून हवी होती. तिनं वस्तरा पाजळला, तेव्हा ते चाचरत म्हणाले, "पोरी, राग मानू नकोस, पण आज उलटा हात नको फिरवू. दिसायला छान दिसतं गं, पण मग चार दिवस कॉलर बोचते."

वहिनीनं त्यांची मान उजेडाकडे वळवली. मागच्या वेळच्या खुणा अजून होत्या. बारीक लाल ठिपके, एकामागे एक, ओळीनं, खालून वर गेलेले. जणू मुंग्यांची रांग.

हीच रांग तिनं सकाळी पाहिली होती. चकत्या गोल असतात. चकत्यांनी फोड आणले असते तर गोल आले असते. नणंदेच्या डोक्यावरचे फोड ओळीनं होते, मानेकडून कपाळाकडे जाणारे. तिचाच हात जसा जायचा, तसेच.

तिनं शिंपीकाकांची मान कशी आटोपली ते तिला आठवत नाही. घरी येऊन तिनं कपाटातून चाचणीची पुस्तिका काढली. चाळीस पानं. पट्ट्यांचं पान तिनं पाठ केलं होतं, बॅटरीचं केलं होतं, अंघोळीचं केलं होतं. एकच पान तिनं कधी वाचलं नव्हतं, कारण त्याचं नाव होतं ‘डोकं कसं उतरवावं’. ते तिला कोण शिकवणार? त्या पानावर दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की विजेचं मशीन वापरावं, वस्तरा वापरू नये. वस्तऱ्यानं कातडीला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि पट्टीवरचा चिकट लेप त्यांत उतरतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण वहिनीनं शेकडो वेळा दुसऱ्यांना ऐकवली होती.

तिच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला, आणि तो आला हे लपवण्यात अर्थ नाही. उद्यापासून मशीन वापरावं, गुपचूप. फोड जातील. नणंद म्हणेल मलमाचा गुण. कुणाला काही कळणार नाही. फाईलवालीला सांगितलं तर काय सांगावं, नियम मोडला म्हणून आजच यंत्र काढून घेतील. आणि नणंदेला सांगितलं तर अकरा वर्षांपूर्वीचं ते वाक्य आता नव्या धारेनं परत येईल. हे सगळं तिच्या मनात गॅसवर ठेवलेलं दूध वर येईपर्यंत येऊन गेलं. मग तिनं गॅस बंद केला आणि मधल्या खोलीत गेली.

नणंद पलंगावर बसून बॅटरी बदलत होती. वहिनी पुस्तिका उघडून समोर उभी राहिली, बोट त्या ओळीवर ठेवलं.

"वन्सं, यंत्राचा दोष नाही. माझ्या हाताचा आहे. मी हे पान वाचलंच नाही."

नणंदेनं ओळ वाचली. परत वाचली.

"म्हणजे," नणंद सावकाश म्हणाली, "इतके दिवस मी ज्या शिव्या यंत्राला घातल्या, त्या खरं तर तुला घालायच्या होत्या."

"हो."

"मग आता घालून घेते. उभी राहा तिथंच."

आणि तिनं घातल्या. चांगली दोन-तीन मिनिटं. वहिनीच्या टापटिपीला, वस्तऱ्याला, ‘मला कोण शिकवणार’ या तोऱ्याला, गाण्याला, आणि मधेच, कसं कोण जाणे, लग्नातल्या पिवळ्या साडीलासुद्धा. ती पिवळी साडी आली तेव्हा वहिनीला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं, आणि दाबलेलं हसू पाहून नणंदेलाही फुटलं. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते नेमकं कशाचं, हे विचारायला तिसरं कुणी नव्हतं.

"झालं," नणंद नाक पुसत म्हणाली. "आता बस. बारा दिवसांचं वेळापत्रक बांधू."

ते वेळापत्रक म्हणजे नणंदेच्या हातचा उत्तम नमुना होता. पट्ट्या बदलायच्या दिवशी साडेचार तास मोकळे, एक मिनिट जास्त नाही. त्यातली मलमाची वेळ, मलम धुऊन काढायची वेळ, कातडी वाळायची वेळ. बाकीच्या दिवशी तेवीस. बॅटरी बदलायला दीड मिनिट. आणि वहिनीनं त्यात आपलं शहाणपण घातलं, पुस्तिका नीट वाचून झाल्यावर. मशीन, तेही केसांच्या कलानं. पट्टी ओढून काढायची नाही. कडेला तेल सोडून, लहान बाळाच्या अंगावरचं सुकलेलं दूध सोडवावं तशी सोडवायची. आणि प्रत्येक वेळी पट्टी एक बोट सरकवायची, या खेपेला पुढं, पुढच्या खेपेला मागं, म्हणजे चकती फोडावर न बसता दोन फोडांच्या मधल्या रानात बसेल. कुठल्या फोडाला किती जागा सोडायची, हे तिच्या बोटांना बरोबर कळायचं. बावीस वर्षं डोकी चाळलेली बोटं होती ती. त्याच संध्याकाळी तिनं चारही पट्ट्या सोडवल्या आणि नव्या, सरकवून लावल्या. नणंदेनं घड्याळ लावलं होतं. सत्तावन्न मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी फाईलवालीकडे गेल्या. वहिनीनं एका दमात सांगून टाकलं आणि निकाल ऐकायला उभी राहिली. फाईलवालीनं फाईल उघडली. मागच्या पानांवर तिनं फोडांच्या पुढं ‘यंत्रामुळे’ असं लिहिलं होतं. तिनं त्यावर एक सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी; बाजूला खरं कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. सात ठिकाणी.

"इथं खोडरबर चालत नाही," ती म्हणाली. "चूक दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही दिसली पाहिजे. तुम्ही सांगितलं नसतं, तर हे सगळे फोड यंत्राच्या माथी गेले असते. शंभर ठिकाणचे असेच गेले, तर चांगलं यंत्रसुद्धा वाईट ठरतं." आणि मग चष्म्यावरून बघत, "यंत्र काढून घ्यायचं कुठं लिहिलेलं नाही. तास भरा."

तास भरणं सोपं नव्हतं. चौथ्या दिवशी फोड सुकू लागले, पण आठव्या दिवशी उकाड्यानं कहर केला. डोक्याला घाम सुटला, पट्टी तापली, डबा सारखा किंचाळून बंद पडायला लागला आणि दर वेळी पुसून, वारा घालून, परत लावण्यात सात तास हातचे गेले. नणंदेनं वेळापत्रकातले आकडे बदलले, ओठ घट्ट मिटून. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, बोलायचा कमी. तो त्या दिवशी कामावरून येताना कारखान्यातला एक जुना मोठा पंखा उचलून घेऊन आला. त्याच्या वाऱ्यानं मधल्या खोलीतली वर्तमानपत्रं स्वयंपाकघरात जायची. नणंद त्याच्यासमोर बसून राहायची, पाठीवर वेणी, चेहऱ्यावर समुद्रावर आल्यासारखा भाव. पट्ट्या तिनं त्यानंतर एकदाही उपटल्या नाहीत.

तिसाव्या दिवसानंतरच्या सकाळी फाईलवालीनं डबा संगणकाला जोडला. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली. वहिनीनं नणंदेचा हात धरला होता की नणंदेनं तिचा, हे सांगता येणार नाही.

पाचशे त्रेचाळीस.

सरासरी अठरा पूर्णांक एक दशांश. फाईलवालीनं ते फाईलमध्ये लिहिलं, आणि जी बाई कधी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं ती म्हणाली की जाता जाता कँटीनमध्ये चहा घेऊन जा, माझ्याकडून.

पुढच्या महिन्याची सरासरी एकवीस आली. आणि त्या महिन्याच्या शेवटी स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. जुन्यात ती कड पांढरी चमकत होती, चौदा मिलिमीटर. नव्यात शोधावी लागत होती. नऊ.

डॉक्टरबाई मोजून मापून बोलल्या. हे यंत्रामुळं की गोळ्यांमुळं, ते एका डोक्यावरून सांगता येत नाही. सगळ्यांचे आकडे एकत्र आले की कळेल. हा आजार लबाड आहे, तो पुन्हा उठू शकतो. "पण," त्या म्हणाल्या आणि खुर्ची फिरवून नणंदेकडं नीट वळल्या, "आज तो मागं सरलाय, आणि हे मी तुम्हाला पूर्ण खात्रीनं सांगू शकते."

नणंदेनं विचारलं, कामावर कधी जाऊ. अर्धा दिवस, पुढच्या सोमवारपासून, असं उत्तर आलं. वहिनीनं खोलीबाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, "नऊ?" तिनं "हं" म्हटलं. सकाळपासून तो मनात चौदाच्या खालचे आकडेच घोळवत होता. त्यातला सगळ्यात लहान आकडा त्यानं हिंमत करून तोंडावर आणला होता, आणि तोच खरा निघाला.

मग फाईलवालीनं वहिनीला गाठलं. यंत्रवाल्या आणखी अकरा पेशंटच्या डोक्यांचे हाल चालले होते. कातडी कशी जपावी हे शिकवायला वरून परवानगी आली होती. शिकवणार का? फक्त एक अट होती. स्कॅनबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. चाचणी चालू आहे तोवर एकाचा निकाल दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. डोक्याच्या वरचं बोला, डोक्याच्या आतलं नको.

तळमजल्यावरच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या. नवरे, बायका, मुली, सासवा, पाठीवर तारा घेतलेली माणसं. मॉडेल म्हणून नणंद स्वतःहून पुढं येऊन बसली आणि जाहीर करून टाकलं, "ही माझी वहिनी. माझं डोकं हिनंच बिघडवलं आणि हिनंच दुरुस्त केलं, तेव्हा दोन्ही बाजू हिला पाठ आहेत." लोक हसले. वहिनीही हसली, आणि ते हसू घशात कुठं अडकलं नाही, सरळ बाहेर आलं.

तिनं मशीन हातात घेतलं. केसांचा कल बोटानं कसा ओळखायचा ते दाखवलं. तेल कडेला कसं सोडायचं ते दाखवलं. मग एकेकाला पुढं बोलावून त्याचं बोट आपल्या बोटाखाली धरून नणंदेच्या माथ्यावरून फिरवलं, म्हणजे त्या बोटाला कळेल. एका आजोबांचं बोट माथ्याला टेकायला धजत नव्हतं. त्यांच्या बायकोच्या डोक्यावर पट्ट्या होत्या. वहिनीनं त्यांचा हात धरला तो बोट माथ्यावर नीट फिरेपर्यंत सोडला नाही.

त्या आजोबांनीच शेवटी विचारलं. सगळ्यांच्या ओठांवर तेच होतं.

"आणि गुण येतो का हो, बाई?"

फाईलवालीनं मान वर केली. नणंदेनं तिच्याकडं पाहिलं, मग आजोबांकडं, मग त्यांच्या बायकोकडं. तिला ते सांगायची परवानगी नव्हती, आणि ते तिच्या गालांवर, कपाळावर, उघड्या माथ्यावर असं काही पसरलं होतं की दाबायला हात पुरले नसते.

"त्याबद्दल मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "पण तासांबद्दल विचारा."

"किती?"

"काल," नणंद म्हणाली, ताठ बसून, प्रत्येक अक्षर मोकळं सोडत, "तेवीस तास आणि चाळीस मिनिटं."